टिटवीचा ढाळ

सर कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी सदऱ्याच्या खिशातून काचेची एक गोटी काढत आणि जमिनीवर ठेवत. गोटी जागच्या जागी राहिली तर बसत, चहा घेत. घरंगळली तर ती जाईल तिकडे आपणही जात. सोफ्यामागे, देवघरात, एकदा तर नव्या नवरा-नवरीच्या खोलीत. तिथे उभे राहून ते यजमानांना सांगत, "अहो, तुमचं घर इकडे बघतंय." मग चहा नाही म्हणजे नाही. चुकीच्या जमिनीवर बसून चहा प्यायचा म्हणजे चुकीवर सही करायची, असं त्यांचं मत होतं.

माझ्या ऑफिसातल्या एकीने घोडबंदर रोडला विसाव्या की बाविसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा हौसेने सरांनाही बोलावलं. चकचकीत टाइल्सवर गोटी ठेवली, ती थेट बाल्कनीच्या विरुद्ध दिशेला निघाली. सर म्हणाले, "पाऊस आत येईल, पण बाहेर जाणार नाही." मैत्रिणीचं तोंड उतरलं. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "सर, आजच्या दिवस नसतं सांगितलं तरी चाललं असतं." ते म्हणाले, "पाण्याला आजचा दिवस उद्याचा दिवस कळत नाही."

पाण्याला वाट करून देणारा उतार, म्हणजे ढाळ, हे त्यांचं आयुष्यभराचं वेड. तंत्रनिकेतनात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना बांधकाम शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ठाण्याच्या कोपरीतल्या शेजाऱ्यांना शिकवायला घेतलं. "पाण्याला घालवून द्यायला शिका. बसलं की ते मालक होतं," असं ते गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांनाही सांगत. सगळ्यांना अहोजाहो करत. गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा म्हणत, "अहो, जरा बाजूला होता का?" आणि ते कुत्रं व्हायचं.

मी त्यांच्याकडे मागच्या खोलीत भाड्याने राहायला आले. किनवटकडची मी, शाळा जिल्हा परिषदेची, आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. सिव्हिलची पदवी घेऊन ठाण्यात जुन्या इमारती तपासणाऱ्या एका कचेरीत लागले होते. पहिल्याच दिवशी मी बुद्धांची फ्रेम लावायला खिळा घेऊन उभी राहिले, तर सर लहानशी हातोडी घेऊन आत आले आणि कान लावून सगळी भिंत वाजवत फिरले. मला वाटलं, यांना खिळा मारलेला चालणार नाही, किंवा आणखी काही चालणार नाही. अशा वेळी मनात काय काय येऊन जातं ते ज्याचं त्याला माहीत. सर म्हणाले, "इथे नको. इथे प्लास्टर पोकळ आहे. इकडे या. बुद्धांना भक्कम जागा द्या." आणि खिळा त्यांनी स्वतः ठोकला. त्या एका वाक्यानंतर ती खोली माझी झाली. मला ते तेव्हापासून 'इंजिनिअर' म्हणत. मला तसं म्हणणारे ते पहिले.

आता टिटवीविषयी सांगते.

टिटवी म्हणजे शिडाची नाव. फायबरची, जुनी, मुंबईतल्या कुठल्याशा क्लबातून मोडीत निघालेली. सरांनी आणि त्यांच्या जिवलग मित्राने ती तरुणपणी मिळून घेतली होती. हा मित्र कोळीवाड्यातला. बँकेत अधिकारी होता, तरी सगळे त्याला नाखवाच म्हणत, आणि त्याला ते आवडे. मोठा आवाज, मोठं पोट, मोठ्या गप्पा. नावेला 'टिटवी' म्हणायचं सरांनी ठरवलं तेव्हा नाखवांनी म्हणे डोक्याला हात लावला होता. "अपशकुनी पाखरू रे ते!" सर म्हणाले, "पाखरू खाडीतलं, नाव खाडीतली. शकुन-अपशकुनाचा ढाळ तुझ्या डोक्याला." भरतीच्या वेळा बघून दोघे दर रविवारी ठाण्याच्या खाडीत शीड सोडायचे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगायच्या, "आमच्या लग्नाचा पहिला वाढदिवससुद्धा यांनी खाडीत काढला. माझ्यावाचून."

मी आले तेव्हा मात्र टिटवी खाडीकाठी वर्षानुवर्षं सुकत उभी होती आणि दोघा मित्रांचं बोलणं बंद होतं. घरं दोन गल्ल्या सोडून. भाजीला गेले की एक जण मेथीच्या गाडीवर असेल तर दुसरा कांदे घेत उभा राही.

झालं होतं ते असं. एका हंगामाच्या शेवटच्या फेरीत सुकाणू नाखवांच्या हातात होतं. ओहोटी लागली होती. नाव मध्येच कशावर तरी टेकली, हिसका बसला, मग सुटली. पावसाळ्यासाठी दोघांनी मिळून ती काठावर ओढून ठेवली. पाऊस संपल्यावर पाण्यात सोडली, तर तळाशी पाणी भरू लागलं. सर म्हणाले, "तू दगडावर घातलीस." नाखवा म्हणाले, "चिखल होता." दगड, चिखल, दगड, चिखल. त्यावरून शब्दाला शब्द वाढला. नाव पुन्हा वर, आपल्या जुन्या टेकूंवर आली आणि मैत्री तळाला गेली.

त्या हिवाळ्यात काठावर नोटीस लागली. किनारा सुधारायचं काम निघणार होतं. पावसाळ्याआधी सगळ्यांनी आपापल्या नावा हलवायच्या, नाही तर भंगारात. सरांचा मुलगा परगावी होता. त्याने फोनवर सांगितलं, "बाबा, देऊन टाका आता." सरांनी फोन ठेवला, हातोडी घेतली आणि मला म्हणाले, "इंजिनिअर, रविवारी काय करता? टिटवी पाण्यात जाणार. आणि तिला कुणी मोडली तेही सिद्ध होणार."

दोन्ही त्यांना सारख्याच निकडीने हवं होतं. मला तर वाटायचं, दुसरं थोडं जास्तच.

शिडाच्या नावेच्या पोटाखाली बिडाचं एक जड पातं असतं. वाऱ्याने नाव कलंडू नये म्हणून. त्याला कील म्हणतात. टिटवीची कील जाड बोल्टांनी पोटाला जोडलेली होती, आणि दुखणं त्या जोडाच्या आसपास कुठेतरी होतं. पण कुठे? मी उत्साहाने म्हटलं, "सर, ही बघा भेग. इथूनच." सर म्हणाले, "भेग दिसते तिथे दुखणं असतंच असं नाही. ताप कपाळाला लागतो म्हणून कपाळ आजारी असतं का?"

आधी आतल्या फळ्या काढल्या. तळाशी पांढरी खपली होती. सरांनी बोटाने उचलली आणि सरळ जिभेवर ठेवली. "अहो, खाडीचं आहे ते!" काकू काठावरून ओरडल्या. सर शांतपणे थुंकले. "मीठ. म्हणजे पाणी वरून पावसाचं नाही, खालून आलंय." मग महिनाभर ते नियमाने गुळण्या करत होते. काकूंनी ती अटच घातली होती.

नंतर हातोडी. सर बाहेरून वाजवत आणि मी आत पालथी पडून कान लावी. पुढे ठण्‌ठण्‌. मध्ये ठण्‌ठण्‌. कीलेच्या मागच्या टोकावर आलो की बद्‌बद्‌, पिकलेला फणस वाजवावा तसं. मी आजवर तपासलेल्या पोकळ स्लॅबांचा अगदी हाच आवाज. खात्री करायला सरांनी होळीचा गुलाबी रंग पाण्यात कालवून नावेच्या पोटात ओतला. थोड्या वेळाने कीलेच्या मागच्या जोडातून गुलाबी रेघ उतरली. आत बघितलं तर तिथल्याच आडव्या पट्ट्या तडकून वर आल्या होत्या.

सरांना इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता. "बघा! कील पुढून दगडावर आपटली की खालचं पुढचं टोक मागे रेटलं जातं आणि वरचं मागचं टोक पोटात घुसतं. दाताला पुढून ठोसा बसला की मूळ मागून हलतं तसं. झालं सिद्ध!"

"पण सर, मग पुढच्या टोकाला मार दिसायला हवा ना?"

"दिसेल. खरवडा."

आम्ही खरवडलं. शंख-शिंपले निघाले, चिखल निघाला, जुना लाल रंग निघाला. अखंड, नितळ. बिडाचा एक टवकासुद्धा उडालेला नव्हता. पुढच्या रविवारी पुन्हा. भिंग घेऊन. त्याच्या पुढच्या रविवारी पॉलिश पेपर घेऊन. सर गुडघ्यांवर बसून त्या लोखंडावरून बोटं फिरवत राहत.

परत येताना वाटेत नाखवांचा ओटा लागे. ते आरामखुर्चीत पेपर वाचत असत. सरांकडे न बघता मला विचारत, "काय गो पोरी, तुझे मास्तरला दगर गावला का?"

मी म्हणे, "अजून नाही काका."

"शोधा, शोधा. नाय गावला तर माझे अंगनातला घेऊन जा एक. चांगला आहे, त्यावर मी कपरे धुतो."

सर ताठ मानेने पुढे निघून जात. गल्लीचं वळण आलं की पुटपुटत, "कपडे धुतो म्हणे. आयुष्यात रुमाल धुतला नाही याने."

होळी गेली. ऊन चढलं. नोटिशीवरचा दिवस जवळ येत होता आणि आम्ही दगडाच्या खुणेपाशीच अडलो होतो. मी म्हटलं, "सर, कारण राहू दे, दुरुस्ती तरी सुरू करू." सर म्हणाले, "कारण न शोधता केलेली दुरुस्ती म्हणजे रंगरंगोटी. तुमच्या सोसायट्या करतात तशी."

मग तो रविवार आला. सर आत वाकून बोल्टांचे पाने शोधत होते. वाकताना खिशातली गोटी निसटली. नावेच्या मधल्या फळीवर पडली, क्षणभर थबकली आणि मागे धावत सुटली. थेट मागच्या भिंतीवर टक्‌कन आपटली.

सर तसेच वाकलेले राहिले. मग हळूच म्हणाले, "इंजिनिअर, हिला एवढा ढाळ कुणी दिला?"

"मला वाटलं अशीच असते, सर. मी पाहते तेव्हापासून अशीच उभी आहे."

ते उतरले. मीही उतरले. नाव रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर उभी होती. पुढच्या बाजूला गवत आणि वाळलेला चिखल साचून सगळं बुजलं होतं. सरांनी तो हातांनी उपसला. कीलेच्या पुढच्या टोकाखाली माझा हात सहज आरपार गेला. नावेचं नाक टेकूंवर उचललेलं होतं, आणि सगळं वजन कीलेच्या मागच्या टोकावर, एकाच स्लीपरवर. त्या लाकडात कील बोटभर रुतली होती.

सर स्लीपरवर बसले.

"पावसाचं पाणी मागे वाहून जावं म्हणून मी तिचं नाक उचललं. गच्चीला देतो तसा ढाळ दिला. आयुष्यभर देत आलो तसा." रुतलेल्या लाकडावर बोट ठेवून म्हणाले, "पाणी जायचं मागचं भोक पाल्याने तुंबलं असणार. पाणी साठलं असणार. नावेचं वजन, पाण्याचं वजन, सगळं या टोकावर. पावसाळाभर. तेच पोटात घुसलं. दगड नव्हताच, इंजिनिअर. तो म्हणत होता तो चिखलच होता."

एखाद्या परीक्षकाने आपल्याच पेपरावर लाल रेघ मारावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला वाटलं, आता हे गप्प बसतील. दुसरं कुणी असतं तर बसलं असतं. दुरुस्ती केली असती, दगडाची गोष्ट सोडून दिली असती. कळणार कुणाला होतं? माझ्याशिवाय कुणालाच नाही.

सर उठले, हात झटकले आणि चिखलाच्या पँटनेच निघाले. मी मागोमाग. ओट्यासमोर येऊन थांबले. नाखवांनी पेपर खाली केला.

"ये रे," नाखवा सावधपणे म्हणाले. इतक्या वर्षांनी पहिला शब्द. "बस. गोटी टाक हवी तर."

"बसायला नाही आलो. चल. तुला दाखवायचंय."

"दगर गावला?"

"चल तर."

नाखवा आले. सरांनी सगळं दाखवलं. खालची पोकळी, रुतलेलं लाकूड, आतल्या तडकलेल्या पट्ट्या, पुढचं नितळ लोखंड. मुलांना फळ्यावर शिकवावं तसं, काहीही न गाळता. शेवटी म्हणाले, "हा ढाळ मी दिला. तुझी काही चूक नव्हती. इतकी वर्षं मी तुला जे म्हणत होतो ते चुकीचं होतं."

नाखवा नावेभोवती एक फेरी मारून आले. मला वाटलं, आता हे गल्लीभर ऐकू जाईल असं काहीतरी बोलणार. त्यांचा तो हक्कच होता. ते टेकूजवळ थांबले, त्यावर थाप मारली.

"मास्तर, तू ढाळ सांगत होतास. जॅक कोन मारत होता?"

सरांनी टेकूकडे बघितलं.

"मी मारत होतो रे. तू बोललास, अजून थोरा. मी मारला अजून थोरा. तू बोललास बस, तरी मी एक झटका जास्त मारला, ताकद दाखवाला." नाखवांनी नाक शिंकरलं. "आता मला सांग, पावसाआधी होनार का नाय हे?"

"होणार," सर म्हणाले.

आणि मग जे काम सुरू झालं ते मी विसरणार नाही. रविवार पुरेनात म्हणून मी ऑफिसातून थेट खाडीवर जाऊ लागले. नाखवांनी कुठून तरी उंच लोखंडी तिपाई आणि चेनपुली आणली. नाव पट्ट्यांमध्ये झुलवली, नट सोडवले, जोडात लाकडी पाचरी ठोकल्या. किती तरी वेळ काही हलेना. सर पाचरीवर मारत, नाखवा साखळी ओढत, दोघे एकमेकांना शिव्या देत. म्हणजे नाखवा शिव्या देत आणि सर "अरे मूर्खा" म्हणत. अहोजाहोवाल्या सरांच्या तोंडून 'अरे' मी फक्त नाखवांसाठी ऐकलं. शेवटी कर्रर्र आवाज करत नाव वर उचलली गेली आणि कील एकटी खाली उभी राहिली.

बोल्ट मधोमध गंजून कमरेसारखे बारीक झाले होते. सर म्हणाले, "हे वरून बघून कधी कळलं नसतं." नमुना म्हणून एक बोल्ट डब्याच्या पिशवीत घालून मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडे गेले. त्याने उलटसुलट बघितला. "कुठल्या मशिनचा आहे मॅडम?" मी म्हटलं, "नावेचा." तो म्हणाला, "डोंबिवलीत नाव? पार्किंगला जागा आहे का?" पण स्टेनलेसचे अगदी मापात काढून दिले.

तडकलेलं फायबर आधी ग्राइंडरने घासून काढायचं होतं. नुसती भेग बुजवून चालत नाही. दोन्ही बाजूंनी लांबवर निमुळता उतार घासायचा, म्हणजे नवं कापड जुन्याला घट्ट धरतं. सर ग्राइंडर हातात घेऊन घुटमळत होते. नाखवा म्हणाले, "काय झाला? घे, दे तुझा ढाळ. इथे पायजे तेवढा दे." सर हसले. दगडाचा शोध सुरू झाल्यापासून प्रथमच.

फायबरचं कापड, त्यावर रेझिन, पुन्हा कापड. आडव्या पट्ट्या नव्याने बांधल्या. कीलेचा गंज उजळून काढला, प्रायमर मारला. ओल राहू नये म्हणून सर सकाळ-संध्याकाळ हात लावून बघत. काकूंनी एक दिवस सतरंजीच आणून ठेवली. "इथेच राहा आता. मी डबा पाठवते." आणि खरंच पाठवू लागल्या. दोन डबे, नाखवांचाही.

आकाश भरून यायला लागलं त्या दिवसांत नाव कीलेवर उतरवली. बोल्ट एकदम आवळायचे नाहीत. थोडा हा, थोडा तो, पुन्हा हा. सर आवळत आणि नाखवा म्हणत, "बस. झटका जास्त नको. मला माहीत आहे झटक्याचं काय होतं ते."

उधाणाच्या भरतीला टिटवी पाण्यात गेली. कोळीवाड्यातल्या माणसांनी ओढली. नाखवांनी नारळ फोडला. सर "नारळाने गळती थांबत नाही" असं म्हणाले, पण खोबरं घेतलं. मी, सर आणि नाखवा नावेत होतो. फळ्या स्क्रूने पक्क्या केल्या होत्या. सर पालथे झोपून बॅटरीने फळ्यांच्या फटीतून जोड न्याहाळत होते, तेवढ्यात खिशातली गोटी पुन्हा निसटली आणि त्याच फटीतून नावेच्या पोटात गेली.

"स्क्रू काढा," सर म्हणाले.

"हात लाव फळीला, तुला खारीत टाकतो," नाखवा म्हणाले.

तेवढ्यात वारा आला, नाव कलली, आणि पोटातून आवाज आला. खुळ्‌ळ्‌ळ्‌ करत गोटी एका बाजूला गेली. नाव दुसरीकडे कलली, गोटी परत आली. स्वच्छ, खणखणीत. सरांनी हात वर केला. बराच वेळ ते ऐकत राहिले.

"पाणी असतं तर आवाज बुडाला असता," ते म्हणाले. "कोरडी आहे."

"मग राहू दे तिथेच," नाखवा म्हणाले. आणि सुकाणू सरांच्या हातात देऊन पुढे जाऊन बसले.

"तू धर," सर म्हणाले.

"चिखलात घालीन."

"घाल."

नाखवा उठून आले.

टिटवी आता पलीकडच्या काठाला असते. रविवारी दोघे जातात. नाव कलली की दोघेही बोलणं थांबवतात, गोटी ऐकतात, मग पुढे भांडतात. मी नंतर डोंबिवलीत स्वतःचं छोटंसं घर घेतलं. आईबाबा किनवटहून आले. बाबांनी दाराच्या चौकटीवरून किती तरी वेळा हात फिरवला. सर आणि काकू, मागे नाखवा, असे तिघे आले. बुद्धांची फ्रेम कुठे लावायची ते मी सरांसाठीच ठेवलं होतं. त्यांनी भिंत वाजवून जागा सांगितली, खिळा ठोकला. मग बसायला वळले आणि सवयीने हात खिशात गेला.

खिसा रिकामा. ते क्षणभर तसेच उभे राहिले. बिल्डरने जमीन कशी केली आहे ते मला चांगलं माहीत होतं.

"गोटी कामावर आहे तुझी," नाखवा म्हणाले. "बस गप."

सर बसले. खाली टाइल्सकडे बघितलं, मग माझ्या बाबांकडे.

"घर आहे. कुठेतरी बघतच असणार," ते म्हणाले. "इंजिनिअर, चहा टाका."